चाचणीच्या निकालाची विश्वसनीयता : जँगो फ्रेमवर्कच्या स्वयंचलित चाचण्यांचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

सॉफ्टवेअरच्या इतिहासात नव्या भाषा, नवी यंत्रे आणि नव्या कल्पना यांची नोंद आवर्जून होते. परंतु तयार झालेली वस्तू बरोबर आहे किंवा नाही हे ठरविण्याची साधने कशी घडत गेली, याची नोंद क्वचितच घेतली जाते. फ्रेमवर्कच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष खटकणारी आहे. साधी आज्ञावली एका कामासाठी लिहिलेली असते. ती चुकली तर तिचा लेखक ती चालवून पाहू शकतो. फ्रेमवर्क हा मात्र इतरांनी आपापल्या आज्ञावल्या ज्यावर उभाराव्यात असा पाया होय. पायात केलेल्या बदलाने कोणाच्या घराची कोणती भिंत खचेल हे पाया घालणाऱ्यास दिसत नाही. कारण ती घरे त्याने बांधलेली नसतात, आणि पुष्कळदा त्यांचे अस्तित्वही त्यास ठाऊक नसते. म्हणूनच फ्रेमवर्कच्या कर्त्यांना बदल करण्यापूर्वी व केल्यानंतर 'पूर्वी जे चालत होते ते अद्यापि चालते काय' हा प्रश्न यंत्राकडूनच सोडवून घ्यावा लागतो. स्वयंचलित चाचणीची खरी गरज येथे उत्पन्न होते.

या विषयाचा विचार करताना 'चाचण्या किती' याकडे सामान्यतः लक्ष वेधले जाते. परंतु इतिहास पाहता निर्णायक प्रश्न संख्येचा नसून विश्वासाचा आहे, असे दिसून येते. चाचणीने दिलेला निकाल केव्हा ग्राह्य मानावा? त्यासाठी तीन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. पहिली, निकाल माणसाच्या नजरेवर अवलंबून न राहता यंत्रानेच द्यावयास हवा. दुसरी, प्रत्येक चाचणी इतर चाचण्यांपासून स्वतंत्र असावयास हवी. एकीचे उष्टे दुसरीच्या ताटात येता कामा नये. तिसरी, चाचण्या इतक्या जलद हव्यात की त्या रोज, किंबहुना प्रत्येक बदलानंतर, चालविता याव्यात. या अटी एकाच वेळी कोणास सुचल्या नाहीत. त्या एकेक करून, बहुधा आधीच्या पद्धतीतील दोष अंगाशी आल्यानंतर, मान्य झाल्या. पायथन भाषेतील जँगो या वेब-फ्रेमवर्कचा जुलै २००५ पासूनचा विकास सार्वजनिक नोंदींत उपलब्ध असल्यामुळे, ही प्रक्रिया त्याच्या आधारे विशेष स्पष्टपणे दाखविता येते.

२. पूर्वपीठिका

आज्ञावलीतील चुका हा विषय संगणकाइतकाच जुना आहे. केंब्रिज येथील एडसॅक या यंत्रावर पहिली आज्ञावली ६ मे १९४९ रोजी चालली. त्या यंत्राचे प्रमुख मॉरिस विल्क्स यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत, आपल्या उर्वरित आयुष्याचा बराचसा भाग स्वतःच्याच आज्ञावल्यांतील चुका शोधण्यात जाणार, ही जाणीव त्या काळात आपणांस एकाएकी कशी झाली, याचे वर्णन केले आहे. त्याच वर्षी जून महिन्यात केंब्रिजमध्येच भरलेल्या परिषदेत ॲलन ट्यूरिंग यांनी मोठी आज्ञावली कशी तपासावी यावर एक लहानसा निबंध वाचला. मोठी बेरीज तपासताना प्रत्येक रकान्याचा हातचा लिहून ठेवला तर तपासणाऱ्याचे काम जसे सुकर होते, तद्वत आज्ञावलीच्या लेखकाने ठिकठिकाणी निश्चित विधाने करून ठेवावीत, म्हणजे ती एकेकटी तपासून संपूर्ण आज्ञावलीच्या बिनचूकपणाविषयी निष्कर्ष काढता येईल, असे त्यांचे प्रतिपादन होते. ट्यूरिंग यांस अभिप्रेत असलेली तपासणी माणसाने तर्काने करावयाची होती. तथापि 'लेखकाने आपली अपेक्षा विधानरूपाने लिहून ठेवावी' ही कल्पना पुढील सर्व इतिहासात टिकून राहिली.

१९६८ मध्ये गार्मिश येथे व १९६९ मध्ये रोम येथे नाटो संघटनेच्या आश्रयाखाली सॉफ्टवेअर-अभियांत्रिकीवर परिषदा भरल्या. त्यांपैकी दुसरीच्या वृत्तांतात डायक्स्ट्रा यांचा प्रसिद्ध आक्षेप नोंदलेला आहे : चाचणीने चूक आहे हे दाखविता येते, चूक नाही हे दाखविता येत नाही. हा आक्षेप तर्कदृष्ट्या अखंडनीय आहे. आणि पुढे ज्यांनी स्वयंचलित चाचण्यांचा पुरस्कार केला त्यांनी तो खोडून काढलाही नाही. त्यांनी प्रश्न बदलला. 'ही आज्ञावली सर्वथा बरोबर आहे काय' याऐवजी 'काल ज्या गोष्टी बरोबर ठरल्या होत्या त्या आजही तशाच आहेत काय' असे ते विचारू लागले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर चाचणी देऊ शकत नाही. दुसऱ्याचे, तपासलेल्या मर्यादेपुरते का होईना, देऊ शकते.

या बदललेल्या प्रश्नास साधनाचे रूप देण्याचे श्रेय मुख्यतः केंट बेक यांस जाते. १९९४ मध्ये स्मॉलटॉक भाषेच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी चाचण्यांची एक साधी मांडणी सुचविली. पडद्यावरील खिडक्या व बटणे यांच्यामार्फत केलेल्या चाचण्या ठिसूळ असतात, म्हणून चाचण्या त्याच भाषेत आज्ञावलीच्या रूपाने लिहाव्यात. प्रत्येक चाचणीपूर्वी एक ठरावीक पूर्वस्थिती उभी करावी. आणि अपेक्षित प्रकारचे अपयश व अनपेक्षित बिघाड यांची नोंद वेगळी ठेवावी, असा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. १९९७ मध्ये झुरिकहून अटलांटास जाणाऱ्या विमानात बेक व एरिक गामा यांनी हीच मांडणी जावा भाषेत उतरविली. तीच जेयुनिट होय. जेयुनिटमध्ये प्रत्येक चाचणीसाठी वर्गाची नवी प्रत निर्माण केली जाते, ही गोष्ट वरवर क्षुल्लक वाटली तरी महत्त्वाची आहे. स्वातंत्र्याची अट येथे सूचना म्हणून नव्हे, तर रचनेतच अंतर्भूत झाली.

पायथन भाषेत हा प्रवाह स्टीव्ह पर्सेल यांच्या युनिटटेस्ट या ग्रंथालयाच्या रूपाने आला व एप्रिल २००१ मधील पायथन २.१ या आवृत्तीत समाविष्ट झाला. त्याच आवृत्तीत टिम पीटर्स यांचे डॉकटेस्ट हे सर्वस्वी निराळ्या वृत्तीचे साधनही दाखल झाले. डॉकटेस्टमध्ये चाचणी ही निराळी आज्ञावली नसतेच. माहितीपर मजकुरात दिलेले उदाहरण, म्हणजे 'हे टंकित केले असता हे छापून येते' अशा ओळी, यंत्र जशाच्या तशा चालवून पाहते आणि छापून आलेला मजकूर लिहिलेल्या मजकुराशी अक्षरशः जुळतो की नाही ते सांगते. एका भाषेच्या एकाच आवृत्तीत आलेल्या या दोन साधनांतील स्पर्धा हाच जँगोच्या पहिल्या कालखंडाचा विषय आहे.

३. लॉरेन्स येथील आरंभ

जँगोचा जन्म विद्यापीठात किंवा मोठ्या उद्योगगृहात झाला नाही. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील लॉरेन्स या गावच्या 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या वृत्तपत्राच्या कचेरीत २००३ मध्ये ॲड्रियन होलोवाटी व सायमन विलिसन यांनी त्याचा आरंभ केला. वृत्तपत्राच्या धावपळीत संकेतस्थळे काही तासांत उभी करावयाची असल्यामुळे झटपट काम हेच त्याचे पहिले ध्येय होते. जुलै २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुले करण्यात आले, आणि त्या क्षणी त्याच्या कर्त्यांची परिस्थिती पालटली. तोवर फ्रेमवर्क वापरणारे लोक त्याच कचेरीत बसत होते. आता ते जगभर पसरले.

आरंभीच्या चाचण्या मुख्यतः डॉकटेस्ट पद्धतीच्या होत्या. प्रत्येक चाचणी म्हणजे डेटाबेसमधील सारण्यांचे एक लहान उदाहरण असे : वार्ताहर आणि त्याचे लेख, उपाहारगृह आणि त्याची जागा. फाइलीच्या शेवटी एका लांबलचक मजकुरात या सारण्यांवर करावयाच्या क्रिया व त्यांची अपेक्षित उत्तरे लिहिलेली असत. हाच मजकूर जँगोच्या संकेतस्थळावर नमुन्यादाखल प्रसिद्धही केला जाई. एका लेखनात माहितीपुस्तिकाही साधली आणि चाचणीही साधली. मनुष्यबळ थोडे असलेल्या प्रकल्पास ही काटकसर मोहक वाटली असल्यास नवल नाही. शिवाय पुस्तिकेतील उदाहरण कधीही शिळे होणार नाही, ही हमीही तीत होती.

या पद्धतीची पहिली कसोटी लवकरच लागली. जँगोच्या आरंभीच्या रचनेत पुष्कळशा गोष्टी पडद्याआड घडत. वापरणाऱ्याने न लिहिलेली नावे आपोआप उपलब्ध होत. हा 'जादूचा' भाग काढून टाकण्याचे काम एका स्वतंत्र शाखेत झाले, ते मे २००६ मध्ये मुख्य प्रवाहात विलीन करण्यात आले व जुलै २००६ च्या ०.९५ या आवृत्तीत प्रसिद्ध झाले. डेटाबेसशी बोलण्याची पद्धतच बदलल्याने जुन्या पद्धतीने लिहिलेल्या उदाहरणांची रूपे बदलावी लागली. चाचणी ही स्थिर साक्षीदार आहे हा समज येथे तोकडा पडतो : फ्रेमवर्कचे वचनच बदलले की साक्षही नव्याने लिहावी लागते. कोणत्या चाचण्या बदलाव्या लागल्या, यावरून कोणते वचन मोडले गेले हे मात्र कळते.

मार्च २००७ च्या ०.९६ या आवृत्तीत, मुख्यतः रसेल कीथ-मॅगी यांच्या परिश्रमाने तयार झालेली चाचणीव्यवस्था जँगोच्या वापरकर्त्यांनाही उपलब्ध झाली. चाचणीसाठी निराळा डेटाबेस आपोआप निर्माण करून शेवटी नष्ट करावयाचा, आणि वेब-सर्व्हर न चालविता विनंती पाठवून उत्तर तपासणारा एक कृत्रिम ग्राहक पुरवावयाचा, ही तिची दोन प्रमुख अंगे होत. आवृत्तीच्या निवेदनात केंट बेक यांची थट्टेने क्षमा मागून, भीतीचे रूपांतर कंटाळ्यात करता येईल असे म्हटले होते. थट्टेत तथ्य होते. चाचणी नसलेल्या जागी हात घालताना वाटणारी धास्ती हीच सुधारणेची खरी शत्रू असते. दुधाने तोंड पोळलेला मनुष्य ताकही फुंकून पितो.

४. डॉकटेस्टचा अस्त

डॉकटेस्टची काटकसर महाग पडू लागली ती चाचणीसंच वाढल्यावर. तिच्यातील मुख्य दोष स्वातंत्र्याच्या अटीशी निगडित होता. लांब मजकुराच्या दहाव्या ओळीत एक लेख डेटाबेसमध्ये नोंदविला आणि पन्नासाव्या ओळीत 'एकूण तीन लेख' असे उत्तर अपेक्षिले, तर मधल्या चाळीस ओळींपैकी कोणतीही एक चुकली की तिच्या मागोमागच्या ओळी एकापाठोपाठ एक चुकत. निकालपत्रात अपयशांची रांग लागे, परंतु मूळ दोष कोणता हे वाचणाऱ्यास स्वतःच शोधावे लागे. मध्येच एखादे नवे उदाहरण घातले तर पुढील उत्तरेही बदलत. म्हणून नवी चाचणी शेवटी चिकटविण्याकडे कल होई, आणि मजकूर पुस्तिका म्हणूनही वाचनीय राहत नसे.

दुसरा दोष अक्षरशः तुलनेचा. छापून आलेला मजकूर हा अर्थाचा केवळ एक वेष असतो. पायथनमधील शब्दकोशरूपी रचना कोणत्या क्रमाने छापली जाईल याची त्या काळी हमी नव्हती. सप्टेंबर २०१२ मधील पायथन ३.३ पासून तर सुरक्षिततेच्या कारणास्तव हा क्रम प्रत्येक वेळी बदलू शकेल अशीच योजना नेहमीसाठी लागू झाली. अशा स्थितीत फ्रेमवर्क बरोबर असूनही चाचणी अपयशी ठरे. निकाल खोटा लागू लागला की त्याकडे दुर्लक्ष करण्याची सवय जडते, आणि तीच सवय खऱ्या अपयशाच्या वेळी घात करते.

२०१० च्या सुमारास जँगोच्या स्वतःच्या डॉकटेस्टांचे युनिटटेस्टमध्ये रूपांतर करण्याचे मोठे व कंटाळवाणे काम हाती घेण्यात आले. नोव्हेंबर २०१३ च्या १.६ या आवृत्तीतील नव्या चाचणी-चालकाने डॉकटेस्ट आपोआप शोधून चालविणे बंद केले. पुस्तिका व चाचणी एकाच मजकुरातून साधण्याच्या प्रयत्नात अखेर 'एक ना धड' अशी अवस्था झाली होती. यावरून डॉकटेस्ट हे साधन निरुपयोगी ठरते असे मात्र नव्हे. लहान, डेटाबेसविरहित उदाहरणांसाठी ते अद्यापि उपयुक्त आहे. स्मरण बाळगणाऱ्या, म्हणजे एका क्रियेचा परिणाम दुसरीवर होणाऱ्या, वस्तूंच्या चाचणीसाठी ते अपुरे पडले, एवढाच निष्कर्ष काढावयाचा.

५. स्वातंत्र्य आणि वेग

डेटाबेस हाच जँगोच्या चाचण्यांतील सर्वांत मोठा 'स्मरण बाळगणारा' घटक होता. प्रत्येक चाचणीस कोरा डेटाबेस द्यावयाचा तर आरंभीच्या पद्धतीत सर्व सारण्या रिकाम्या करून पुन्हा भराव्या लागत. स्वातंत्र्य मिळे, परंतु वेळ जाई. आणि वेळ जाऊ लागला की चाचण्या चालविण्याचा आळस होतो. दुसरी अट व तिसरी अट यांचा येथे उघड विरोध होता.

जुलै २००९ च्या १.१ या आवृत्तीने हा विरोध एका चतुर युक्तीने सोडविला. प्रत्येक चाचणी एका ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या अखंड व्यवहारात, गुंडाळावयाची आणि शेवटी तो व्यवहार पक्का न करता रद्द करावयाचा. डेटाबेस आपोआप पूर्वस्थितीस येतो. काही पुसावे लागत नाही. अनेक प्रसंगी चाचण्या सुमारे १० पट जलद होतात, असे आवृत्तीच्या निवेदनात नमूद आहे. एप्रिल २०१५ च्या १.८ आवृत्तीत संपूर्ण वर्गासाठी लागणारी माहिती एकदाच भरण्याची सोय झाली. डिसेंबर २०१५ च्या १.९ आवृत्तीत डेटाबेसच्या अनेक प्रती करून चाचण्या समांतर चालविता येऊ लागल्या.

परंतु प्रत्येक युक्तीची किंमत असते. रद्द केलेला व्यवहार कधीच पक्का होत नाही. म्हणून व्यवहार पक्का झाल्यानंतर घडावयाच्या क्रिया अशा चाचणीत घडतच नाहीत. एखादी नोंद पक्की झाल्यावर ग्राहकास पत्र पाठवावयाचे असेल, तर तो भाग चाचणीच्या दृष्टीआड राहतो आणि निकाल तरीही अनुकूल येतो. या क्रियांची सोय १.९ मध्ये आली. त्या चाचणीत पकडून चालविण्याचे साधन एप्रिल २०२१ च्या ३.२ आवृत्तीत आले. मधल्या सव्वापाच वर्षांत ज्यांना हे तपासावयाचे होते त्यांना जुन्या, मंद पद्धतीच्या चाचणीवर्गाचा किंवा स्वतःच्या उपायांचा आश्रय घ्यावा लागला. तसेच, व्यवहार रद्द झाला तरी काही डेटाबेसांतील अनुक्रमांकांचा गणक मागे जात नाही. तेव्हा 'पहिल्या नोंदीचा क्रमांक १ असणारच' असे गृहीत धरणारी चाचणी एकटी चालविली असता यशस्वी व इतरांबरोबर चालविली असता अपयशी ठरे. स्वातंत्र्य हे घोषित केल्याने मिळत नाही, हे अशा लहान लहान गळतींवरून स्पष्ट होते.

या गळती शोधण्यासाठी जँगोच्या कर्त्यांनी जी साधने निर्माण केली ती या इतिहासातील सर्वांत बोलका पुरावा होत. संच निम्म्यानिम्म्याने विभागून कोणती चाचणी दुसरीस बाधते हे शोधावयाचे, किंवा संशयित चाचणी प्रत्येक इतर चाचणीसोबत जोडीने चालवावयाची, असे पर्याय जँगोच्या स्वतःच्या चाचणी-चालकात आहेत. १.८ मध्ये संच उलट्या क्रमाने चालविण्याचा पर्याय आला. डिसेंबर २०२१ च्या ४.० आवृत्तीत क्रम यादृच्छिक करण्याचा. वर्गासाठी एकदाच भरलेली माहिती एका चाचणीने बदलली तर ती दुसरीस दिसू नये, यासाठी प्रत्येक चाचणीस तिची स्वतंत्र प्रत देण्याची व्यवस्था ३.२ मध्ये झाली. ही सर्व साधने फ्रेमवर्कमधील चुका शोधत नाहीत. ती चाचण्यांमधील चुका शोधतात. साक्षीदाराची उलटतपासणी घेण्याचाच हा प्रकार आहे.

६. निकालाची व्याप्ती

जँगो एकाच डेटाबेसवर चालत नाही. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूलाइट आणि ओरॅकल यांच्या क्षमता सारख्या नाहीत. एखादी चाचणी एका डेटाबेसवर मुळातच लागू नसेल तर तिचे अपयश दोषाचे निदर्शक ठरत नाही. परंतु ती सरसकट वगळली तर उणीव झाकली जाते. मार्च २०११ च्या १.३ आवृत्तीत या अडचणीवर एक विचारपूर्वक तोडगा काढण्यात आला. चाचणीने डेटाबेसचे नाव न घेता 'ही अमुक क्षमता असेल तरच मला चालवा' असे सांगावयाचे. वगळण्याचे कारण अशा रीतीने लेखी नोंदविले जाऊ लागले, आणि डेटाबेसला ती क्षमता प्राप्त होताच चाचणी पुन्हा लागू करता येऊ लागली.

सप्टेंबर २००८ मध्ये १.० ही आवृत्ती प्रसिद्ध करताना जँगोने आपला सार्वजनिक भाग स्थिर ठेवण्याचे अभिवचन दिले. असे अभिवचन देणे सोपे, पाळणे कठीण. कारण बदल सुचविणारे लोक असंख्य आणि त्यांपैकी कोणासही संपूर्ण फ्रेमवर्क माहीत नसते. म्हणून दोष दुरुस्त करणाऱ्याने तो दोष दाखविणारी चाचणीही सोबत द्यावी, हा प्रकल्पाचा नियम आहे. दुरुस्तीपूर्वी ती चाचणी अपयशी व्हावी आणि दुरुस्तीनंतर यशस्वी व्हावी, अशी अपेक्षा असते. यातील पहिला अर्धा भाग पुष्कळदा विसरला जातो. परंतु जी चाचणी कधी अपयशी झालीच नाही तिच्या यशाला पुराव्याचे मोल नाही.

७. उपसंहार

१९४९ मध्ये ट्यूरिंग यांनी सुचविलेली लेखी विधाने आणि आजच्या चाचणीसंचातील विधाने यांत सरळ वंशपरंपरा दाखविणे धाडसाचे होईल. तथापि दोन्हींचा हेतू एकच आहे : आज्ञावली लिहिणाऱ्याच्या मनातील अपेक्षा त्याच्या मनाबाहेर, दुसऱ्यास तपासता येईल अशा रूपात ठेवणे. डायक्स्ट्रा यांचा आक्षेप आजही कायम आहे. जँगोच्या इतिहासाने त्यास एक पुस्ती जोडली, असे म्हणावयास हरकत नाही : चाचणी चुकीचे अस्तित्व दाखविते खरे, परंतु ती चूक फ्रेमवर्कची की चाचणीची, हे सांगण्यासाठी आणखी श्रम घ्यावे लागतात. त्या श्रमांचा इतिहास हाच स्वयंचलित चाचणीचा खरा इतिहास होय.

अभ्यासकाच्या दृष्टीने यातून एक पद्धतीविषयक सूचनाही मिळते. फ्रेमवर्कची माहितीपुस्तिका ही बखरीसारखी असते. ती घडलेल्या गोष्टी सुसंगत करून सांगते. चाचणीसंच हा दप्तरासारखा असतो. त्यात तंटे, दुरुस्त्या, मोडलेली वचने आणि वगळलेली प्रकरणे ज्या त्या वेळी नोंदली गेलेली असतात. बखर वाचावी, परंतु निवाडा दप्तरावर करावा. आणि दप्तरातील कागदही अस्सल आहे की नाही हे पारखून घ्यावे.